गाडीत जागा नाही

यंदा खुरपणीला उशीरच झाला. जुलैत आठवडाभर भुरभुर पाऊस लागून राहिला, वाफसा होईना, आणि एकदाचं ऊन पडलं तेव्हा कपाशीपेक्षा गवतच वर आलेलं. हराळी तर अशी माजली होती की खुरप्याचं पातं दोनदा मारल्याशिवाय मूळ सुटत नव्हतं. बायका आपापल्या ओळीची पात धरून खाली वाकलेल्या. ओल्या मातीची वाफ तोंडावर येत होती आणि चिलटं डोळ्यांत जात होती.

मनकर्णा मालकीण होती, पण बांधावर उभं राहून बायकांना हाका मारणं तिला जमत नसे. ती स्वतः खुरपं घेऊन पात धरायची. तिच्या शेजारची पात कायम बायडाबाईची. बायडाबाई पन्नाशीची, ओढ्यापल्याडच्या भीमनगरातली. तिथल्या सात-आठ बायकांना कामावर आणायचं ती बघायची. दुपारी लिंबाखाली भाकरी सोडल्या की सासू रंगुबाई त्या बायकांना अजून वरून पाणी ओतायची. मनकर्णा मात्र बायडाबाईच्या बाटलीला सरळ तोंड लावायची. सासूच्या देखत लावायची. त्याचं तिला मनातून बरंही वाटायचं.

"वैनी, येक सांगायचं ऱ्हायलं," खुरपं न थांबवता बायडाबाई म्हणाली. "आमच्या प्रज्ञाचा नंबर लागला."

"कुठं?"

"फाट्यावरच्या शाळंत. तुमच्या आरतीच्याच. अंगनवाडीच्या बाईनी मोबाईलवर भरलं हुतं. सरकारचं असतंय ना ते, गरिबाच्या पोरास्नी फुकट. मला वाटलं, आपल्याला कोन देतंय. तर काल मेसेज आला."

मनकर्णाचं खुरपं कपाशीच्या झाडाला लागलं. हातभर आलेलं झाड आडवं पडलं. तिनं ते पटकन गवताच्या पेंडीखाली सारलं.

"बरं झालं की," ती म्हणाली.

"शिक्शान फुकट हाय, पन गाडीचं आपलं आपल्याला द्यायचं म्हने. करण धाडतो म्हनलाय रांजणगावहून. तेवढं गाडीवरच्या छगनला सांगा ना, वढ्यापाशी थांबायला. वाटंवरच हाय, त्याला वळसा बी न्हाई पडत."

"सांगते की. त्यात काय!"

बायडाबाई हसली. करण तिचा मुलगा. तो आणि सून कंपनीत कामाला होती आणि नात हिच्याकडे होती. प्रज्ञा आणि आरती दोन वर्षं एकाच अंगणवाडीत, एकाच सतरंजीवर बसून खिचडी खाल्लेल्या. "दोघी मिळूनच जातील आता," बायडाबाई म्हणाली आणि पुढे सरकली. मनकर्णा पातीत मागे राहिली.

खरं म्हणजे आरतीला गावच्या शाळेत घालायचं, असंच तिच्या नवऱ्याच्या, वैजनाथच्या मनात होतं. गुरुजी चांगले होते, शाळेला रंग दिलेला होता, शाळा हाकेच्या अंतरावर. मे महिन्यात मनकर्णा दूध घालायला डेअरीवर गेली, तेव्हा सरपंचांची सून उज्ज्वला तिथं भेटली. उज्ज्वला नगरच्या सावेडीची, बी.ए. झालेली. बोलायला गोड. ती सहज म्हणाली, "यंदा पहिलीला आपल्या वरच्या आळीचं एकही पोरगं नाहीये हं गावच्या शाळेत. सगळी फाट्याला चालली. तुमची आरती एकटीच बसणार का त्या पोरांमध्ये?"

कोणती पोरं, हे तिनं सांगितलं नाही. मनकर्णानं विचारलंही नाही. घरी येऊन तिनं नवऱ्याकडं इंग्लिशचा लकडा लावला. आजकाल इंग्लिशशिवाय काय होतं, असं ती म्हणाली. हेच ती शेजारणींना म्हणाली, भावाला फोनवर म्हणाली. होता होता तिलाही ते खरं वाटू लागलं.

मनकर्णाचा बाप ऊसतोडीला जायचा. कारखान्याच्या बाजूला सहा महिने पाचटाच्या कोपीत राहायचं. तिथल्या गावच्या शाळेत तिला दोन हिवाळे घातलं होतं. 'कोयत्याची पोरं' म्हणून त्यांना दारापाशी, चपलांजवळ बसवायचे. हे तिनं वरच्या आळीत कुणाला सांगितलं नव्हतं. पण ते सगळ्यांना ठाऊक आहे, असं तिला कायम वाटायचं. उज्ज्वलानं तिला पोरांच्या गाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं, तेव्हा तिनं तो मेसेज वैजनाथला दोनदा दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीपुढं बायका पोरांना घेऊन उभ्या होत्या. बातमी मनकर्णाच्या आधी पोचली होती.

"सरकारनं नंबर लावला, त्याला आपण काय करणार," उज्ज्वला म्हणत होती. "शिकू दे बिचारी. आपलं काहीच म्हणणं नाही. पण गाडी शाळेची नाहीये ना, गाडी आपण लावलीय."

"उद्या अजून दोघं-तिघं निघतील तिकडची," दुसरी म्हणाली. "मंग थांबव इथं, थांबव तिथं."

"पोरांच्या डोक्यात उवा झाल्या तर कुनी बघायचं?" तिसरी म्हणाली आणि स्वतःच हसली.

मनकर्णा आरतीची वेणी घट्ट करत राहिली. वेणी घट्टच होती.

"मनकर्णाताई," उज्ज्वला जवळ आली. तिच्या अंगाला पावडरीचा वास येत होता. "ती बाई तुमच्याकडेच येते ना कामाला? तुमचं ऐकेल ती. आम्ही सांगितलं तर उगाच वेगळं वाटायचं. आजकाल कशाचा काय अर्थ काढतात. तुम्ही आपलं साधं सांगा, गाडीत जागा नाही म्हणून."

एवढ्यात गाडी आली. पिवळी, लहान. छगननं दार उघडलं. पोरं चढली, आणि शेवटचं आख्खं बाक मोकळं राहिलं. सगळ्या बायकांना ते काचेतून दिसलं.

"सांगाल ना?"

"सांगते," मनकर्णा म्हणाली.

त्या दिवशी ती रानात उशिरा गेली. पात धरताना बायडाबाईच्या शेजारची सोडून पलीकडची धरली. पण बोलावं तर लागणारच होतं. दुपारी भाकरीच्या वेळी लिंबाच्या बुंध्याला टेकून तिनं सांगून टाकलं. "मावशी, छगनला इचारलं मी. गाडी भरलीय म्हनला. येक बी सीट न्हाई."

बायडाबाईचा घास हातातच राहिला. "उभी ऱ्हाईल की ती. बारकीच हाय."

"उभं न्हाई चालत. पोलीस धरत्यात."

हे पोलिसांचं तिनं आयत्या वेळी घातलं. कुठून सुचलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"बरं," बायडाबाई म्हणाली. "मंग चालत नेईन. तीन किलोमीटर तर हाय. तुमी इचारलं तेवढं बास."

तेवढं बास, म्हणाली. मनकर्णानं भाकरीचा तुकडा मोडला. तो गिळायला तिला पाणी लागलं. बायडाबाईची बाटली तिच्या पुढ्यातच होती, पण ती उठून आपल्या हंड्याकडे गेली.

त्यानंतर रोज सकाळी बायडाबाई प्रज्ञाला घेऊन रस्त्याला लागायची. एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात पोरगी. रस्ता हायवेला मिळणारा. वाळूचे डंपर, दुधाचे टेम्पो अंगावर येतील असे जायचे. पाऊस असला की कडेची सगळी माती चिखल व्हायची. पोरीला सोडून परत चालत रानात येईपर्यंत बाकीच्या बायकांची अर्धी पात झालेली असायची.

रंगुबाईला ते चालेना. "हे आसं उन्हं वर आल्यावर यायचं आन् सगळ्यांसंगं सुट्टी करायची? आर्धाच रोज धरनार मी."

"धरा," बायडाबाई म्हणाली आणि खाली वाकली. तिचे गुडघे वाकताना आवाज करायचे. मनकर्णा गवताची पेंडी उचलून बांधाकडं गेली. संध्याकाळी वैजनाथला म्हणाली, "तुमच्या आईला सांगा ना, पुरा रोज द्या म्हनावं तिला."

"तू कशाला मधी पडती?" वैजनाथ मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला. "सगळ्या बायका उद्या तेच म्हनतील."

ती मध्ये पडली नाही.

आरती घरी येऊन सांगायची. "मम्मी, प्रज्ञा आज बी रस्त्यानं चालली हुती. आमी खिडकीतनं टाटा केला. सगळी पोरं ओरडली." एकदा म्हणाली, "तिचा बूट चिखलात अडकला. तिची आज्जी बूट काढत हुती आन् ती येका पायावर उभी हुती. लंगडी घातल्यासारखी." आणि ती हसली. मग जरा वेळानं म्हणाली, "मागचं बाक तर मोकळंच असतंय. तिला का घेत न्हाई छगनकाका?"

मनकर्णा चुलीपुढं होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पोरीकडं न बघता म्हणाली, "गाडीत जागा न्हाई. कुनी इचारलं तर आसंच सांगायचं. गाडी फुल असती म्हनायचं. कळलं?"

"पन मोकळं असतंय."

"कळलं का म्हनले!"

"कळलं," आरती म्हणाली.

ऑगस्टमध्ये शनिवारी पालकांची मीटिंग लागली. मनकर्णा ठेवणीतली जांभळी साडी नेसून गेली. वर्गात खुर्च्या लहान पोरांच्या. सगळ्या आया त्यांत अवघडून बसलेल्या. बायडाबाई मागच्या भिंतीला टेकून उभी होती. एक खुर्ची मोकळी होती, पण तिला कुणी बस म्हणालं नाही आणि ती बसली नाही. प्रज्ञा तिला चिकटून. बूट धुतलेले, पण ओले. फरशीवर त्यांचे ठसे उठले होते.

वर्गाच्या मॅडम तरुण होत्या, नगरहून यायच्या. एकेकीचं नाव घेऊन त्या बोलत गेल्या. आरतीचं कौतुक झालं. मग त्यांनी मागे पाहिलं.

"प्रज्ञाच्या आजी, ही हुशार आहे हो. पण रोज लेट येते. प्रार्थना होऊन गेलेली असते. मग तिला बाहेर उभं करावं लागतं, नियमच आहे तसा. आणि बूट असे भरलेले. तुम्ही तिला बस का लावत नाही?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. बायडाबाईनं पदर सारखा केला.

"गाडीत जागा न्हाई म्हनले, मॅडम."

"जागा नाही? तुमच्या गावच्या गाडीत?" मॅडमना नवल वाटलं. "मी तर बघते, बरीच रिकामी असते."

उज्ज्वला मोबाईलमध्ये काहीतरी शोधू लागली. उवांचं बोलणारी बाई खिडकीबाहेर बघत होती. मॅडमची नजर फिरत पहिल्या ओळीत आईशेजारी बसलेल्या आरतीवर आली. त्यांनी हसून, लहान पोराला विचारावं तसं विचारलं, "आरती, तू त्याच गाडीनं येतेस ना? सांग बरं, फुल असते का गाडी?"

आरतीनं आईकडं पाहिलं. मनकर्णा फरशीवरच्या ओल्या ठशाकडं बघत होती.

आरती उठून उभी राहिली. हात मागे बांधले, कविता म्हणताना बांधायची तसे. "येस मॅडम. गाडी फुल असते. अजिबात जागा नसते."

असा खणखणीत आवाज तिचा एरवी निघत नसे.

प्रज्ञानं तोंड उघडलं. तिनं रोज सकाळी ती गाडी शेजारून जाताना पाहिली होती. तिच्या तोंडून शब्द फुटणार, एवढ्यात बायडाबाईचा हात तिच्या डोक्यावर आला. खुरप्यानं घट्टे पडलेला, मोठा हात. त्यानं पोरीचं डोकं हलकेच दाबलं आणि पोरगी गप्प झाली.

मनकर्णानं तो हात पाहिला. तेव्हा तिला कळलं, की हिला ठाऊक आहे. आजचं नाही, पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. जी बाई रोज त्या रस्त्यानं चालते, तिला काचेतून मोकळं बाक दिसत नसेल? आणि तरीही इतके दिवस ती शेजारच्या पातीत वाकून काम करत होती, पावसाचं बोलत होती, आरतीला चिंचा देत होती.

परत येताना आरती तिच्या बोटाला धरून उड्या मारत होती. "मम्मी, मी बरोबर सांगितलं ना?"

मनकर्णानं पोरीला कडेवर घेतलं. सहा वर्षांचं जड पोर. आपलं तोंड तिला दिसू नये म्हणून घेतलं.

सोमवारी ती उजाडताच रानात गेली आणि बायडाबाई येईपर्यंत एकटीच खुरपत बसली. हाताला फोड आला. बायडाबाई आली, पात धरली. बाकीच्या बायका बऱ्याच पुढे होत्या.

"मावशी," मनकर्णा म्हणाली. "गाडीचं..."

"मला ठावं हाय."

"मी न्हाई... त्या सगळ्या म्हनल्या. मी येकटी काय करनार हुते? माझं मन तसं न्हाई, तुमाला म्हाईत हाय. मी तुमच्या बाटलीनं पानी पेते."

बायडाबाईनं खुरपं जमिनीत रोवलं आणि पहिल्यांदा तिच्याकडं सरळ पाहिलं. तिच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरला होता.

"वैनी, आता तुमाला बरं वाटावं म्हनून मी काय बोलू? सांगा, तसं बोलते."

मनकर्णा खुरप्याला चिकटलेली माती बोटानं काढू लागली.

"पोरीला त्याच वर्गात बसायचंय," बायडाबाई म्हणाली. "मी शाळंत तोंड उघडलं तर तिला कोन शेजारी बसू दील? म्हनून गप ऱ्हायले. तुमच्यासाठी न्हाई ऱ्हायले." तिनं खुरपं उपसलं. "गवत लई झालंय. हात चालवा."

दिवसभर दोघी शेजारी खुरपत राहिल्या.

रात्री मनकर्णानं ठरवलं. सकाळी डेअरीपुढं बायका जमल्या, गाडी आली, तेव्हा ती सगळ्यांच्या पुढं गेली.

"छगनभाऊ, आजपास्नं वढ्यापाशी थांबव. प्रज्ञाला घ्यायचंय. गाडीचं काय असंल ते तिची आज्जी देनार हाय."

छगन स्टेअरिंगकडं बघू लागला. त्यानं हळूच उज्ज्वलाकडं पाहिलं.

"ग्रुपवर ठरलंय ना आपलं," उज्ज्वला म्हणाली. आवाज अजूनही गोडच. "सगळ्यांचं मिळून ठरलंय. तुम्हाला एवढंच वाटत असेल मनकर्णाताई, तर तुमचा रस्ता मोकळा आहे. तुम्हाला काय, लहानपणापासून सवय असेल चालायची."

कुणीतरी हसलं. कोण, ते तिनं वळून पाहिलं नाही. गाडीच्या पायरीवर चढलेल्या आरतीचा दंड धरून तिनं तिला खाली घेतलं. "चल. आपन चालत जाऊ."

पहिल्या वळणापर्यंत तिची मान ताठ होती. ओढा ओलांडला तेव्हा पुढं थोड्या अंतरावर बायडाबाई आणि प्रज्ञा दिसल्या. आजी दप्तर घेऊन, नात तिचं बोट धरून. आपण पाय उचलून त्यांना गाठू, दोन्ही पोरी पुढं चालतील आणि आपण मागं, असं मनकर्णाच्या मनात आलं. "ती बघ प्रज्ञा," ती म्हणाली. "पळ, गाठ तिला."

आरती जागीच थांबली. "मला न्हाई जायचं."

"आगं, आसं काय करती? तुझी मैतरीन हाय ना?"

"न्हाई! मी न्हाई तिच्यासंगं चालनार!" आरती मोठ्यानं रडू लागली. "गाडीतली सगळी पोरं बघतील. मला बी हसतील. मी काय भीमनगरची हाय का?"

सकाळची वेळ, रस्ता तेवढ्यापुरता रिकामा. शब्द सरळ पुढं गेले. बायडाबाई आणि प्रज्ञा थांबल्या. प्रज्ञानं मागं वळून पाहिलं. तिचे केस पाण्यानं चापून बसवलेले आणि दोन्ही वेण्यांना लाल रिबिनी होत्या. बायडाबाई मात्र वळली नाही. तिनं पोरीचा हात ओढला.

"म्होरं बघून चाल," ती म्हणाली.

मागून हॉर्न वाजला. उरलेली पोरं घेऊन आलेल्या छगननं गाडी मनकर्णाशेजारी उभी केली आणि दार उघडलं. आरतीनं आईच्या हातातून हात सोडवून घेतला. मनकर्णाला तो धरून ठेवता आला असता. सहा वर्षांच्या पोरीच्या मनगटात असा काय जोर असतो? पण तिनं बोटं सैल केली. आरती पायऱ्या चढून गेली आणि पोरांच्या घोळक्यात मिसळली. गाडी सुटली. बायडाबाई आणि प्रज्ञा चिखलाच्या कडेला उतरून उभ्या राहिल्या. गाडी त्यांना ओलांडून गेली, आणि त्या पुन्हा रस्त्यावर चढल्या.

मनकर्णाच्या हातात आरतीचा डबा राहिला होता. तो पोचवायचा तर त्यांच्या मागोमाग फाट्यापर्यंत चालावं लागणार होतं. दोन पावलं टाकून ती थांबली. बायडाबाईला मागून पायांचा आवाज गेला असता, आणि ती थांबली असती किंवा थांबली नसती. दोन्हीचं तिला भय वाटलं. त्या दोघी लहान होत होत चढावरून पलीकडं उतरल्या, तरी ती तिथंच होती.

गावाकडून दुधाचे कॅन लावून एक मोटारसायकल आली. वरच्या आळीचा हनुमंत होता. त्यानं ब्रेक दाबला.

"काय वैनी, गाडी चुकली का पोरीची?"

"न्हाई. गेली ती."

"मंग डबा ऱ्हायला व्हय? द्या हिकडं, फाट्यावरनंच चाललोय. शाळंत देतो."

तिनं डबा दिला. हनुमंत निघून गेला. रिकामे हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना. तिनं ते पदरात गुंडाळले आणि ती गावाच्या दिशेनं, रस्त्याच्या अगदी कडेनं चालू लागली.